राम नदीची तब्येत तपासायची कशी? (भुकूम ते औंध)

काठावरून

नमस्कार मंडळी. राम नदीबद्दल इथे आधीही बोलणं झालंय, पण बहुतेक वेळा फेसाचे आणि जलपर्णीचे फोटो टाकून आपण थांबतो. या धाग्यात मला एवढंच विचारायचंय आणि सांगायचंय: काठावर राहणारी माणसं या छोट्या नदीची तब्येत स्वतः नीट तपासू शकतात का, आणि कशी.

ज्यांना नदी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भुकूमजवळ खाटपेवाडीच्या डोंगरात उगम, मग भुगाव, बावधन, पाषाण तलाव, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर आणि औंधला मुळेशी संगम. लांबी साधारण 19 किलोमीटर. एवढ्याशा अंतरात डोंगरउतार, शेती, गावठाण, टोलेजंग सोसायट्या, तलाव, जुनं देऊळ, हायवे असं सगळं येऊन जातं. एका सकाळी दुचाकीवरून वरपासून खालपर्यंत चार-पाच ठिकाणी उतरलात तर नदी कुठे आजारी पडते ते डोळ्यांनी दिसतं. मोठ्या नदीवर हे जमत नाही.

नेहमीची पद्धत अशी की कोणीतरी बाटलीभर पाणी लॅबमध्ये देतं आणि बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा) आकडा येतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो त्या वेळच्या त्या बाटलीचा असतो. टँकरने रात्री दोन वाजता मैला सोडला आणि तुम्ही सकाळी दहाला पाणी भरलंत, तर सोडलेलं पाणी तोवर मुळेत पोचलेलं असतं. म्हणून माझा भर आहे तो दगडाखाली राहणाऱ्या जिवांवर. मेफ्लाय या उडणाऱ्या छोट्या कीटकाचं पिल्लू पाण्यात आठवडे किंवा महिने काढतं. मध्ये एक रात्र जरी ऑक्सिजन संपला तरी ते मरतं किंवा वाहून जातं. ते आज दगडाखाली सापडलं, याचा अर्थ गेले काही आठवडे तिथलं पाणी रात्रीसुद्धा ठीक होतं.

दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते आणि ती कोणीच बघत नाही: एप्रिल-मे महिन्यात पात्रात जे वाहतंय ते पाणी मुळात कुठून आलं? आपल्या बेसाल्टच्या नद्या पावसाळ्यानंतर झऱ्यांवर जगतात. बावधनच्या झऱ्याबद्दल इथल्या अनेकांना माहिती आहे. पाषाण तलावाचा सांडवा कोरडा पडला की त्याखालच्या पात्रात वरचं पाणी जवळजवळ येत नाही, तरी सोमेश्वरवाडीत आणि बाणेरला नदी वाहत असते. ते पाणी झऱ्याचं किती आणि ड्रेनेजचं किती, हे कळल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं अर्धवट राहतं.

यासाठी एक साधं हत्यार आहे, ईसी मीटर. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं पेनाएवढं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. पाण्यात क्षार जितके जास्त तितका आकडा मोठा. डोंगरातल्या स्वच्छ ओढ्याचा आकडा कमी असतो. घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मीठ, साबण, लघवी असं सगळं मिसळलेलं असल्यामुळे तो बराच चढतो. एका आकड्याला फारसा अर्थ नाही. पण नदीकाठाने प्रवाहाच्या दिशेने खाली चालत जा आणि दर शंभर पावलांवर मीटर बुडवा. आकडा सारखा सारखा येत असताना मध्येच वर उडी दिसली, तर त्या शंभर पावलांत काहीतरी पात्रात मिळतंय. कधी ते उघडं पाइप असतं. कधी फुटलेलं चेंबर असतं, झुडपांत लपलेलं, जे रस्त्यावरून दिसत नाही. नकाशावर नसलेली तोंडं अशी सापडतात. आणि कधी उडी उलटी असते, आकडा एकदम उतरतो. तिथे काठातून झरा पाझरतोय असं समजा. ती जागा खुणेचा दगड ठेवून जपण्यासारखी असते.

बाकी काय बघायचं ते इतरांनीही सांगावं. मी लिहून ठेवतो ते असं: काठावर सावली आहे का, दगड सुटे आहेत की गाळात रुतलेत, दगडाखालचा गाळ काळा आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा आहे का, दगडांवर करड्या कापसासारखे तंतू लोंबतायत का. हे तंतू शेवाळ नव्हे. ते जिवाणूंचे असतात आणि ताजं मैलापाणी जवळच कुठेतरी मिसळतंय याची ती खात्रीची खूण.

आणि कळकळीची विनंती: गमबूट आणि लांब हातमोजे घातल्याशिवाय कोणीही खालच्या टप्प्यात उतरू नका. अंगावर जखम असेल तर अजिबात नको. दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टो तापाचा धोका खरा आहे.

अनघा_बाणेर

धागा वाचून फार बरं वाटलं. आमच्या सोसायटीच्या मागूनच नदी जाते. माझा एक प्रश्न आहे. सकाळी फिरायला जाते तेव्हा वास येतो, पाणी करडं दिसतं. पण दुपारी तीन-चारला त्याच जागी पाणी बऱ्यापैकी नितळ आणि हिरवट दिसतं. शेजारच्या काकांनी एकदा ऑक्सिजनचं किट आणून दुपारी टेस्ट केली तर रिझल्ट चक्क 'उत्तम' आला. मग नदी खरंच सुधारलीय का?

काठावरून

अनघाताई, हा प्रश्न आलाच पाहिजे होता. किट बरोबर आहे, वेळ फसवी आहे.

मैलापाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस खाऊन शेवाळ वाढतं. दिवसभर उन्हात ते ऑक्सिजन सोडतं. पुण्याच्या उंचीवर, 25 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन साधारण पावणेआठ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो. शेवाळाने भरलेल्या संथ पाण्यात दुपारी तो त्याहून वरही जातो. सूर्य मावळला की तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू मिळून तो ऑक्सिजन संपवतात. पहाटे, उजाडायच्या आत, तळ गाठलेला असतो. मासे मेलेले आपल्याला सकाळीच दिसतात त्याचं हे एक कारण.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला ऑक्सिजन किमान 4 आणि मुक्त अमोनिया कमाल 1.2 मिलिग्रॅम लागतो. आंघोळीच्या 'ब' वर्गाला ऑक्सिजन किमान 5 आणि बीओडी कमाल 3. दुपारच्या एका मोजणीवर शेवाळाने हिरवं झालेलं डबकंही यातली ऑक्सिजनची अट पास होईल. म्हणून मोजायचं तर दोनदा, पहाटे सहाच्या आत आणि त्याच दिवशी दुपारी तीनला. दोन आकड्यांतलं अंतर जितकं मोठं तितकी नदी जास्त अस्वस्थ. निरोगी ओढ्यात हे अंतर लहान असतं.

अमोनियाचंही असंच आहे. शेवाळामुळे दुपारी पीएच चढतो. 25 अंशाला पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी मुक्त रूपात असतो. पीएच 8 ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि 9 ला एक तृतीयांशाच्या वर. म्हणजे पाण्यात एकूण अमोनिया तेवढाच, पण दुपारी तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. पहाटे श्वास कोंडतो आणि दुपारी विष, अशा पात्रात टिकतात ते गप्पी आणि चिलापी. म्हणूनच 'मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं' हे म्हणणं मला पटत नाही. कुठले मासे, ते विचारा.

सिव्हिलवाला

अभ्यास चांगला आहे, पण एक बाजू राहून जातेय. मी पावसाळी गटारांचीच कामं करतो. ऑक्टोबर 2010 मध्ये याच नदीचं पाणी पाषाण-बाणेर भागात घरांत शिरलं होतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने माणसं नेली. त्या घरांतल्या लोकांना मेफ्लायचं सांगणार का? पात्र सरळ करणं, गाळ काढणं, भिंती बांधणं हे सगळं पाणी लवकर पुढे जावं म्हणून असतं. पात्रात झाडं-झुडपं ठेवली की पाणी अडतं, हे गणित आहे. पर्यावरणवाले प्रत्येक पोकलेनला विरोध करतात आणि पूर आला की तेच लोक प्रशासनाला जाब विचारतात.

चतुरटाचणी

पुराच्या मुद्द्यावर इतर बोलतीलच. मी कीटकांवर काम करते, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

जागा निवडताना खळाळ शोधा, जिथे पाणी घोटाभर खोल आहे आणि दगडांवरून उड्या मारत जातंय. डोहात आणि खळाळात वेगळे जीव असतात, त्यामुळे वरच्या टप्प्यातला खळाळ आणि खालचा डोह यांची तुलना कधीच करू नका. प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी उभी धरा, वरच्या बाजूला तीन मिनिटं दगड पायाने हलवा आणि मग काही दगड हाताने उचलून जाळीच्या तोंडाशी चोळून धुवा. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. आईस्क्रीमच्या मोठ्या डब्याचं पांढरं झाकण मस्त चालतं. लगेच काही दिसत नाही. दोन मिनिटं हालचाल न करता बघत राहा, मग कचरा वाटलेल्या गोष्टी चालायला लागतात.

मेफ्लायचं पिल्लू ओळखायला सोपं. शेपटाला बहुधा तीन बारीक धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना छोट्या पानांच्या आकाराचे कल्ले, जे एका लयीत फडफडत असतात. त्यातली चपटी जात दगडाला इतकी चिकटून बसते की दगड उलटा केल्यावर आधी काहीच दिसत नाही. दगडावरचं पाणी ओघळून गेलं की एक ठिपका झर्रकन आडवा सरकतो. तो दिसला की समजा त्या जागेला भरपूर ऑक्सिजन आहे. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर करतात, काही दगडांच्या फटीत जाळं विणतात.

दुसऱ्या टोकाला लाल अळ्या. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून अगदी थोड्या ऑक्सिजनमध्येही त्यांचं भागतं. ट्युबिफेक्स किडे डोकं गाळात खुपसून शेपूट वर हलवत बसतात, तांबडा गालिचा पसरल्यागत दिसतं. आणि शेपटाच्या जागी लांब श्वासनळी असलेली अळी पाण्यातला ऑक्सिजन घेतच नाही, नळी पृष्ठभागावर काढून हवेत श्वास घेते. जिथे फक्त हेच उरलेत तिथे पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही असं समजा.

गुण देण्याची एक जुनी ब्रिटिश पद्धत आहे, बीएमडब्ल्यूपी. प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण. जितकं नाजूक कुळ तितके जास्त. किती नग सापडले ते मोजायचं नाही, कुळ हजर आहे की नाही एवढंच. समजा एका जागी बेटिड मेफ्लाय (4), जाळं विणणारी कॅडिस (5), गोम्फिड चतुराचं पिल्लू (8), लाल अळ्यांचं कुळ (2) आणि गांडूळवर्गी किडे (1) मिळाले. बेरीज 20, कुळं पाच, सरासरी 4. सरासरी जास्त विश्वासाची, कारण तुम्ही जास्त वेळ शोधलंत तर बेरीज वाढते, सरासरी तेवढी हलत नाही. केंद्रीय मंडळानेही आपल्याकडच्या नद्यांसाठी जैविक निकष केले आहेत. त्यात हे गुण आणि विविधता, दोन्ही एकत्र बघून अ ते इ असे वर्ग ठरतात.

एक सावधगिरी. ब्रिटिश तक्त्यात लिबेल्युलिड चतुरांना 8 गुण आहेत. आपल्याकडे या कुळातले कितीतरी चतुर घाणेरड्या डबक्यांतही आरामात वाढतात. तो आकडा जसाच्या तसा घेतला तर बाणेरचा टप्पा उगाच पास होईल. म्हणून वरच्या भुकूमच्या ओढ्याला आपली फूटपट्टी धरा आणि खालच्या प्रत्येक जागेचं अंतर तिथून मोजा. लंडनच्या नदीशी तुलना करून आपल्याला काही कळणार नाही.

जुना_बावधनकर

वाचून जीव हळहळला. आम्ही लहानपणी बावधनच्या अलीकडे नदीत पोहायचो, खेकडे धरायचो. पाण्यात मोठे शिंपले असायचे, आई त्यांनी कैऱ्या सोलायची. परवा नवीन रस्त्यासाठी काठ खणला तेव्हा मातीच्या थरात तसेच शिंपले निघालेले बघितले, दोन बोटं लांब, आतून मोतिया चमक अजून होती. जिवंत शिंपला मात्र कित्येक वर्षांत पाहिला नाही. याचा तपासणीत काही उपयोग होतो का?

आणि एक. आजकाल तलावाच्या खाली शेकाट्यांचे थवे दिसतात, पूर्वी एवढे नसायचे. पोरं म्हणतात नदी सुधारली म्हणून पक्षी वाढले.

चतुरटाचणी

काका, शिंपल्यांचा फार मोठा उपयोग होतो. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काढतात, त्याशिवाय ती वाढत नाहीत. म्हणजे शिंपले होते याचा अर्थ त्यांना लागणारे मासे होते, तळाशी स्वच्छ वाळू होती आणि वर्षानुवर्षं पात्र स्थिर होतं. मातीतल्या शिंपल्याचा थर कुठे, किती खोल, हे फोटो काढून ठिकाणासह लिहून ठेवा. नदी पूर्वी कशी होती याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणं अवघड आहे.

शेकाट्या मात्र सुधारणेची खूण नाही. उथळ मैलापाण्यात लाल अळ्या रगड असतात, त्या खायला तो येतो. त्याच टप्प्यात खंड्या आणि तुतवार एकत्र दिसू लागले, आणि काठावर टाचण्यांच्या (चतुरांसारख्या नाजूक कीटकांच्या) चार-पाच वेगळ्या जाती मिळाल्या, तर मी आनंदाने विचार करीन.

बोरिवलीकर

आमच्या दहिसर नदीचं सांगतो, कारण तुमच्या भिंतींच्या वादाशी तिचा संबंध आहे. तुळशी तलावाकडून निघते, राष्ट्रीय उद्यानातून वाहते आणि बोरिवली-दहिसरमधून खाडीला मिळते. साधारण 12 किलोमीटर. उद्यानाच्या आत दगड उलटा केला की जीव सापडतात, पाणी नितळ, काठावर झाडांची मुळं पाण्यात. उद्यानाच्या बाहेर पडल्यावर तबेल्यांचं शेण, वस्त्यांचं सांडपाणी, कपडे धुण्याचा साबण. थोडक्या अंतरात तीच नदी ओळखू येत नाही. एकाच नदीवर चांगला आणि वाईट टप्पा इतके जवळ असणं ही तपासणीसाठी सोय आहे. (उद्यानात नमुने घ्यायला वनखात्याची परवानगी लागते, तशीच जाळी घेऊन जाऊ नका.)

26 जुलै 2005 नंतर खालच्या भागात दोन्ही बाजूंनी भिंती आल्या. भिंतीच्या आतल्या टप्प्यात खळाळ उरत नाही, सावली उरत नाही, उन्हाळ्यात पाणी तापतं. पुढे कधी मैलापाणी पूर्ण थांबलं तरी तिथे मेफ्लाय परत कुठे राहणार, हा माझा प्रश्न आहे. पाणी सुधारणं आणि घर परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काठावरून

बोरिवलीकरांनी माझ्या मनातलं लिहिलं. सिव्हिलवाला दादा, आता तुमच्या मुद्द्यावर, आणि मनापासून.

पुरात घर गेलेल्या माणसाला मी मेफ्लायचं सांगणार नाही. पण पूर आणि नदीची तब्येत यांचं मूळ एकच आहे. डोंगरउतारावर सिमेंट पडलं की पाऊस मुरत नाही. तो एकदम पात्रात येतो, म्हणून पूर. आणि मुरलाच नाही म्हणून पुढे झऱ्याला पाणी नाही, म्हणून उन्हाळ्यात नदीत फक्त ड्रेनेज. भुकूम-भुगावचे उतार मोकळे राहिले तर दोन्ही प्रश्न एकदम हलके होतात. भिंत बांधून पाणी लवकर पुढे ढकललं की ते औंधला लवकर पोचतं, मुळा फुगलेली असताना तिथे थोपतं आणि खालच्या लोकांच्या दारात चढतं. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. या रेषांच्या आत राडारोड्याचे भराव पडतात तेव्हा पात्राची जागा जाते. झुडपांनी अडतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी भरावाने अडतं.

गाळ काढायला माझा विरोध नाही. पोकलेन पात्रात उतरवून तळ सपाट करण्याला आहे. दगड गेले की दगडाखालचं सगळं गेलं. मोरीच्या तोंडाशी साचलेला प्लॅस्टिक-राडारोडा काढा, तिथेच पाणी तुंबतं. खळाळ सोडून द्या. निविदेत एवढं एक वाक्य घालता येणार नाही का? तुम्ही कामं करता म्हणून विचारतोय.

पणजेकर

गोव्यातून एक भर. आमच्याकडे पणजीत सांतिनेजची खाडी आहे, मांडवीला मिळते. तिथे तुमची ही पद्धत तशीच्या तशी लावू नका. भरती-ओहोटी असल्याने ईसी मीटर निरुपयोगी ठरतो, समुद्राच्या पाण्याचाच आकडा इतका मोठा की त्यात सांडपाणी बुडून जातं. मेफ्लाय खाऱ्या पाण्यात मुळातच नसतात, त्यामुळे त्या सापडल्या नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. आम्ही ओहोटीच्या तळाला, म्हणजे पाणी सगळ्यात कमी असताना बघतो: खारफुटीची नवी रोपं उगवतायत का, चिखलात खेकड्यांची बिळं आहेत का, दगडांना जिवंत कालवं चिकटलीत का. भरतीच्या वेळी सगळंच छान दिसतं. कोकणातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

लीड्सकर

मी इथे इंग्लंडमध्ये शनिवारी एका छोट्या नदीवर याच कामाला जातो. 2007 पासून गळ टाकणारे मासेमार आणि स्वयंसेवक मिळून एक उपक्रम चालवतात. त्यात फक्त आठ गट ओळखायचे आणि मोजायचे. प्रत्येक जागेची एक किमान पातळी ठरलेली असते. मोजणी तिच्याखाली गेली की त्याच दिवशी सरकारी पर्यावरण यंत्रणेला कळवायचं आणि त्यांनी येऊन बघायचं. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे लोकांवर ओझं कमी. आठ गट कोणीही एका दिवसात शिकतो. आणि दर महिन्याला तीच जागा, तीच पद्धत. पुण्यात अशी किमान पातळी ठरवायला वर्षभराच्या नोंदी लागतील, पण सुरुवात केल्याशिवाय ते वर्ष पुरं कसं होणार?

लॅबवाली

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटलीवर एवढा राग नको, बाटली नीट भरली तर ती बोलते.

ऑक्सिजनसाठी विंकलर पद्धत 1888 पासूनची, अजूनही सगळ्यात भरवशाची. काचेची बाटली पाण्याखाली बुडवून, एकही बुडबुडा न राहता भरायची आणि तिथेच काठावर दोन रसायनं घालायची. बाटलीत लगेच गाळ धरतो. तो तपकिरी झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. गाळ पांढराच राहिला तर ऑक्सिजन शून्य. आकडा नंतर लॅबमध्ये काढतात, पण तपकिरी की पांढरा हे काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतं. रसायनांतलं एक तीव्र अल्कली आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलांच्या हातात देऊ नका.

बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आपल्याकडे ही चाचणी 27 अंशाला तीन दिवस करतात, परदेशी लेखांत 20 अंशाला पाच दिवस असते, तुलना करताना हे बघा. आणि मैल्यातल्या जिवाणूंसाठी एच-टू-एस पट्टीची छोटी बाटली मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची, काळी पडली की दूषित. नदीच्या पाण्यात ती काळी पडणारच, तिचा खरा उपयोग काठच्या विहिरी आणि झऱ्यांसाठी. बावधनच्या झऱ्याचं पाणी कोणी भरून नेत असेल तर ही चाचणी नक्की करा.

सिव्हिलवाला

काठावरून, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. खळाळाचा मुद्दा मला पटला. मोरीची तोंडं मोकळी केली तर निम्मी तक्रार मिटते हा माझाही अनुभव आहे. निविदेत 'तळाचे नैसर्गिक दगड हलवू नयेत' असं घालता येतं, पण त्यासाठी कुठले टप्पे ते नकाशावर दाखवावे लागतील. ते तुम्ही लोक द्या, लिहायला मी मदत करतो. भिंतींबाबत आपलं अजून जमत नाही, जिथे घरं पात्राला लागून आहेत तिथे दुसरा उपाय मला दिसत नाही.

एक गोष्ट तुमच्या यादीत नाही, प्रवाह मोजणं. ईसी कितीही घ्या, पाणी किती वाहतंय ते माहीत नसेल तर घाण किती आली ते कळत नाही. सरळ दहा मीटरचा टप्पा निवडा, रुंदी मोजा, काठीने चार-पाच ठिकाणी खोली घ्या. संत्रं सोडा, दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाच वेळा बघा. सरासरी वेग गुणिले काटछेद गुणिले 0.85, कारण वरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं. संत्रं अर्धं बुडतं म्हणून वारा लागत नाही, थर्माकोल वापरू नका. सांडवा कोरडा असताना तलावाखाली आणि मग सोमेश्वरवाडीत हे केलंत तर मधल्या टप्प्यात किती लिटर मिसळलं ते थेट निघेल.

अनघा_बाणेर

तुमचं सगळं वाचून ईसी मीटर मागवला आणि रविवारी सोसायटीतल्या तिघीजणी मिळून काठाने प्रवाहाच्या दिशेने चाललो. पुलापासून बराच वेळ आकडा एकसारखा. मग एका उंबराच्या झाडाच्या पुढे एकदम चढला. खाली उतरून बघितलं तर घाणेरीच्या जाळीमागे चेंबरचं झाकण सरकलेलं आणि त्यातून नदीत सतत धार. आम्ही रोज त्या रस्त्याने जातो, कधी कळलं नव्हतं. फोटो, जागा आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय.

ट्रेमध्ये काय मिळालं त्याचे फोटो खाली टाकतेय. लाल अळ्या ओळखल्या. पण शंखवाल्या छोट्या गोगलगायी खूप होत्या, त्या चांगल्या की वाईट? आणि मेफ्लाय नाहीच मिळाली.

चतुरटाचणी

वा, अनघा! गोगलगायीचं टोक वर आणि तोंड तुमच्याकडे असं धरा. तोंड डाव्या हाताला उघडत असेल तर ती फायसा. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती स्पष्ट डावी आहे. ही बाहेरून आलेली जात, हवेत श्वास घेते, म्हणून मैलापाण्यात तगते. गुण 3. उजवीकडे तोंड असलेली, उंच निमुळती आणि तोंडाला झाकण असलेली मिळाली तर वेगळी ठेवा, ती मला बघायचीय.

चेंबर दुरुस्त झालं की लगेच नवा नमुना घेऊ नका. लाल अळ्या आधी कमी होतील, बेटिड मेफ्लाय वरून वाहत किंवा उडत येऊन अंडी घालायला काही आठवडे जातील, आणि तेही वरच्या टप्प्यात त्या शिल्लक असतील तरच. म्हणून आत्ता, चेंबर वाहत असतानाच, त्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन ट्रे करून ठेवा. दुरुस्तीनंतर महिन्याने त्याच दोन जागी पुन्हा. पाऊस पडून गेला असेल तर त्यानंतर निदान दोन आठवडे थांबा, पुरात सगळंच वाहून जातं आणि दोष पाण्यावर येतो.

मी पुढच्या रविवारी सकाळी सातला भुकूमच्या वरच्या ओढ्यावर फूटपट्टीचा नमुना घ्यायला जातेय. ट्रे, भिंगं, जाळी माझ्याकडे आहे. गमबूट आपापले आणा. सिव्हिलवाला दादा, संत्रं आणि टेप तुमच्याकडे.

सिव्हिलवाला

येतो. तीस मीटरची टेप आणि पातळी घ्यायची काठीही आणतो, काटछेद नीट काढू.